बी विंग – एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीचा) वास (पुन्हा)

बी-१०२: आज चौथा दिवस. खिडकी उघडली की सडक्या अंड्यांचा भपकारा. पहिल्या मजल्यावरही माणसं राहतात म्हटलं 🙏

सेक्रेटरी: मॅडम, ऑपरेटरला सांगितलंय. सहकार्य करावे.

सी-६०४: एसटीपीचं पाणी वापरता येत नाही म्हणून सोमवारपासून फ्लशला टँकर येतायत. बिल ग्रुपवर टाका.

ए-७०१: शनिवारी काळ्या फिनाईलचे ५ लिटरचे दोन कॅन चेंबरमध्ये ओतले. मी गॅलरीतून बघत होतो.

सेक्रेटरी: स्वच्छतेसाठीच ना काका? घरी नाही नेले.

बी-५०३: ३० वर्षं मायक्रोबायॉलॉजी शिकवलं म्हणून बोलते. आपल्या टाकीतला मैला जिवाणूच खातात. काळ्या फिनाईलमधली फिनॉलसारखी द्रव्यंसुद्धा खातात. स्यूडोमोनस नावाचा जिवाणू फिनॉलचं आधी कॅटेकॉल हे दुसरं रसायन करतो, मग त्याच्या रेणूचं कडं फोडून कार्बन पचवतो. पण थोडंथोडं मिळालं, सवय झाली तर! एकदम १० लिटर म्हणजे खाणाऱ्यालाच विष.

सी-२०३: जंतुनाशक जंतूच खातात?? मग आमची बाई रोज काय पुसते 😂

सी-६०४: टँकरचं बिल.

बी-५०३: लादीवर प्रमाण बरोबर असलं तर मरतात. पण लिफ्टजवळची स्प्रेची बाटली उजेडात धरून बघा. कोविडपासून न धुता वर पाणी घालून भरताय. तळाला बुळबुळीत थर आहे. त्यातलं बेन्झाल्कोनियम हे जंतुनाशक इतकं पातळ झालं की स्यूडोमोनस आरामात राहतो. काही जाती तर तेही तोडून खातात.

बी-१०२: ईईई. मी नातवाचे हात त्यानेच पुसते!

ए-४०२: मांजरांच्या वेळीही असंच लेक्चर झालं होतं.

बी-५०३: मांजरं अजून आहेत आणि तुम्हीही. असो.

ए-७०१: 🤣🤣

ए-४०२: हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी: कृपया विषयावर या. ऑपरेटरने काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवून दाखवलं. पूर्वी चॉकलेटी गाळ खाली बसायचा, आता वरपर्यंत राखाडी गढूळ.

बी-५०३: हवेवर जगणारे मेले, बिनहवेचे माजले. वास त्यांचाच, हायड्रोजन सल्फाइड. दुसऱ्या चालू एसटीपीचा ताजा गाळ आणून विरजण लावा, टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद करू नका. आणि फिनाईलला कुलूप.

सी-६०४: तिसऱ्यांदा विचारतोय. टँकरचं बिल.

सेक्रेटरी: शेजारच्या सोसायटीतून उद्या ११ वाजता टँकरभर गाळ येतोय. गेटसमोर गाड्या लावू नयेत.

सी-६०४: गाळाच्या टँकरचं बिल वेगळं की त्यातच?