ग्लायकोलायसिस : विघटन, विदलन की ज्वलन?

तळटीप : एका आरोग्यलेखाच्या अनुवादात "पेशी ऑक्सिजनविना साखर जाळते" असं वाक्य आहे. मूळ लेखात शब्द आहे ग्लायकोलायसिस, म्हणजे पेशीत ग्लुकोज मोडण्याची प्रक्रिया. संपादकांनी 'जाळते' खोडून 'विघटन करते' केलं. विघटन म्हटलं की कुजणं डोळ्यांसमोर येतं. दुसरा शब्द?

पेशीद्रव्य : संपादकांचं बरोबर आहे. जळणं म्हणजे कार्बनचा पार कार्बन डायऑक्साइड होणं. इथे एकही कार्बन निसटत नाही. सहा कार्बनांचं ग्लुकोज दहा पायऱ्या उतरतं आणि तीन-तीन कार्बनांची दोन पायरुवेट होतात. दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) आधी घालायचे, चार मिळवायचे. निव्वळ दोन, वर दोन एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू). ज्वलन म्हणायचंच असेल तर ते पुढे, तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात).

जोडाक्षर : मग 'शर्कराविदलन' घ्या की. द्विदलमधलं दल तेच. ग्रीकातही 'ग्लिकिस' गोड आणि 'लिसिस' मोकळं करणं.

पेशीद्रव्य : मोकळं करणं आणि दुभंगणं एक नव्हे. दोन तुकडे फक्त चौथ्या पायरीवर पडतात, अल्डोलेज या विकरामुळे. तेही एकसारखे नसतात. पाचव्या पायरीत एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतं. एका पायरीवरून दहा जणींचं बारसं कशाला?

अनुस्वार : 'विकर' आता कोण म्हणतं? एन्झाइम म्हणा, आणि ग्लायकोलायसिस तसंच ठेवा.

परीक्षानळी : विघटनच ठेवा, प्रयोगशाळेत अर्थ लगेच कळतो. काढून ठेवलेल्या रक्तात तांबड्या पेशी साखर संपवत राहतात. त्यांना तंतुकणिका नसतात, त्यामुळे हाच मार्ग. खोलीच्या तापमानाला साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरते. साखर टिकावी म्हणून नळीत घातलेलं सोडियम फ्लोराइड नववी पायरी, म्हणजे एनोलेज हे विकर, अडवतं. पण वरच्या पायऱ्या काही वेळ चालूच राहतात, म्हणून पहिल्या तास-दोन तासांत घट होतेच. फ्लोराइडवर विसंबून प्लाझ्मा वेगळा करायला उशीर केला की आकडा कमी येतो.

तळटीप : आणि 'ऑक्सिजनविना'?

पेशीद्रव्य : 'ऑक्सिजन न वापरता' करा. तो असला तरी हा मार्ग चालतोच. नसला की एनएडीएच साचतं आणि सहाव्या पायरीला लागणारं एनएडी (एनएडीएचचं रिकामं रूप) संपत येतं. पायरुवेटचं लॅक्टेट करून पेशी ते परत मिळवते.

जोडाक्षर : लॅक्टेट कशाला, दुग्धाम्ल म्हणा!

अनुस्वार : पेशीतला सामू (pH) ७ च्या आसपास. तिथे ते आम्लरूपात जवळपास नसतंच, आयन असतो.

जोडाक्षर : मग दुग्धेट?