मदत हवी आहे: विसर्जन मिरवणूक, लक्ष्मी रस्ता आणि सोबत दोन लहान मुलं

नमस्कार. माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. यंदा अनंत चतुर्दशीला साताऱ्याहून नणंद तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे पुण्यात येतेय. मुलांना मानाचे पाचही गणपती लक्ष्मी रस्त्यावर दाखवायचेच असा सासूबाईंचा आग्रह आहे आणि मलाही ते मनापासून हवंय. कसबा गणपतीची पालखी समोरून जाते तेव्हा अंगावर जो काटा येतो, तो टीव्हीसमोर येत नाही.

पण गेल्या वर्षीचं अजून मनातून जात नाही. बेलबाग चौकाच्या थोडं पुढे उभे होतो. ढोल-ताशा पथक हललं, दोरी धरलेले कार्यकर्ते ‘मागे व्हा, मागे व्हा’ करत आले आणि सगळी गर्दी एकदम फुटपाथकडे रेटली गेली. मी लेकीचं मनगट धरलं नव्हतं, फक्त बोटं धरली होती. घामानं ती सुटली. तीन-चार मिनिटं ती दिसली नाही. होती जेमतेम दहा पावलांवर, एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून. ‘आई, आई’ ओरडत होती, पण ढोलांपुढे काय ऐकू येणार? शेवटी पथकातल्या एका मुलीनं हातातली झांज काखेत मारली आणि तिला वर उचलून धरलं. तिचा पिवळा फ्रॉक दिसला आणि मी धावले.

तर अनुभवी मंडळींनी सांगा: उभं कुठं राहायचं? हातावर नंबर लिहितात तो टिकतो का? भाच्याला खांद्यावर घ्यावं का? आणि ढोलांच्या आवाजाचं काय करायचं, तो फटाक्यालाही कान झाकतो.

पेठेतली आजी:
अगं, आधी मुलीला एक शिकव. हरवली तर ‘आई’ म्हणून नाही, तुझं नाव घेऊन हाक मारायची. ‘आई’ म्हटलं की त्या रस्त्यावरच्या सगळ्याच बायका वळतात आणि पोराला वाटतं कुणीच ओळखीचं नाही. बाबांचंही पूर्ण नाव पाठ हवं. मदत केंद्रावर पोलिसांनी विचारलं की मुलं ‘बाबांचं नाव बाबा’ सांगतात, मग ध्वनिक्षेपकावर पुकारायचं काय?

दुसरं, हात सुटला की शोधत फिरायचं नाही, जागीच थांबायचं. तू मागे येशील, ती पुढे गेली तर चुकामूक होते. जवळ पोलीस ताई किंवा लेकरू कडेवर असलेली बाई दिसली तर तिला सांगायचं.

नंबर बॉलपेननं लिही आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लाव, नाहीतर घामानं जातो. दंडाच्या आतल्या बाजूला लिही. मुलीचं नाव मात्र कपड्यावर बाहेरून दिसेल असं लिहू नकोस; नावानं हाक मारणारा माणूस मुलांना ओळखीचाच वाटतो. निघताना दोघांचा चपलांसकट एक फोटो काढ. घाबरल्यावर आपल्याच लेकराच्या अंगावर काय होतं ते आठवत नाही गं.

ताशावाला:
पथकात सात वर्षं आहे, म्हणून दोरीच्या आतल्या बाजूनं सांगतो. चौकात पथक थांबून स्थिरवादन करतं, तेव्हा लोक चहूबाजूंनी आत येतात. पथक पुढे सरकताना दोरी रुंद होते आणि तो सगळा दाब फुटपाथवरच्या पहिल्या दोन-तीन रांगांवर जातो. तुमच्या बाबतीत हेच झालं. त्यामुळे बेलबाग, कुंटे चौक, अलका चौक मुलांसोबत टाळाच. दोन चौकांच्या मधे, जिथं मागे उघडा बोळ किंवा ओळखीचा वाडा आहे, तिथं थांबा. पाठीशी बंद शटर असेल तर ती जागा सोडा, रेटा आला की मागे सरकायला वाट नसते. बोळाच्या अगदी तोंडाशीही नको, तिथून सतत ये-जा असते.

एका चौरस मीटरमध्ये पाचाच्या वर माणसं झाली की गर्दी माणसांसारखी चालत नाही, पाण्यासारखी हलते. ओळखायची खूण सोपी: शेजारच्याला न ढकलता तुम्हाला हात वर करता येत नसेल, तर गणपती समोर असला तरी निघा. लाटेच्या उलट जाऊ नका, लाट ओसरली की तिरकं बाजूला सरका. चप्पल सुटली तर सोडून द्या, वाकू नका. मुलांना कमरेच्या उंचीवर हवाच मिळत नाही, म्हणून चार वर्षांच्याला कडेवर घ्या. खांद्यावर नको, धक्का बसला तर तो थेट डोक्यावर पडतो. मानाचे गणपती दिवसाच निघतात, ते बघून परत फिरा. रात्रीची गर्दी मुलांची नाही.

दोन पोरांची आई:
कानांसाठी कापसाच्या बोळ्यांवर विसंबू नकोस, त्यांनी आवाज फारसा अडत नाही. डोक्यावरून बसणारे कानझाकणे मिळतात, ते घे आणि आठवडाभर आधी घरी सवय कर, नाहीतर तिथं काढून फेकतात. रस्त्यावर स्पीकरच्या भिंतीजवळ क्षणभरही थांबू नका. डोळ्यांत गुलाल गेला तर चोळू न देता स्वच्छ पाण्यानं धुवायचं. एक मूल, एक मोठा माणूस अशी जोडी घरातूनच ठरवा. ‘सगळेच बघताहेत’ म्हणजे कुणीच बघत नसतं. मूल सापडेना तर लगेच जवळच्या पोलिसाला सांगा. 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन्ही नंबर फोनमध्ये ठेवा. पण नेटवर्क जाम होतं, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा. ती मिरवणुकीच्या रस्त्यावर नको.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप खूप आभार. आजी, नावानं हाक मारायचं मला कधीच सुचलं नसतं. ताशावाले दादा, तुम्ही शटरचं लिहिलंत ते वाचून पोटात गोळाच आला, ती नेमकी तिथंच होती. सासूबाईंच्या मैत्रिणीचा वाडा कुंटे चौकाच्या थोडा अलीकडे आहे, त्यांना आज फोन केला. दार उघडं ठेवतो म्हणाल्या. भाचा माझ्या नवऱ्याच्या कडेवर, लेक माझ्याकडे, नणंद सासूबाईंसोबत. पाचवा गणपती गेला की वाड्यात जेवायचं आणि गर्दी पांगली की मागच्या गल्लीनं बाहेर.

लेकीला माझा नंबर पाठ करायला बसवलंय. आठ आकडे बरोबर येतात, शेवटचे दोन अजून उलटे म्हणते. रोज झोपताना घेतेय.