तारा फुटला आणि माणूस झाला म्हणे!

रंकाळाप्रेमी: सकाळपासून तीच पोस्ट फिरतेय, "तारा फुटला, वैश्विक किरण (अवकाशातून येणारे जोरदार कण) आले, माकडाचा माणूस झाला." अर्धं खरं आहे म्हणून जास्त डोकं फिरतं. पॅसिफिकच्या तळाच्या खडकात लोह-60, म्हणजे लोखंडाचा किरणोत्सारी प्रकार, सापडलंय. त्याचं अर्धायुष्य 26 लाख वर्षं, तेवढ्यात ते निम्मं उरतं, म्हणजे पृथ्वी घडतानाचं असतं तर केव्हाच संपलं असतं. 20-30 लाख वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याची ती धूळ. इथवर मान्य. पण धूळ पोचली म्हणून माणूस घडला? डीएनएची नक्कल करताना पेशी आपणहून चुकते, त्या चुकांतूनच जीव बदलत जातात, त्याला तारा कशाला फुटायला पाहिजे?

भावा_थांब: लई घाई करतोस. मुलरनं 1927 ला क्ष-किरणांनी फळमाश्यांत उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बदल, घडवली, नोबेल उगीच दिलं काय? ऑर्डोव्हिशियन नावाच्या भूकालखंडाच्या शेवटी, 44.5 कोटी वर्षांपूर्वी, समुद्रातली बहुतेक जीवसृष्टी साफ झाली. ताऱ्यातून निघालेल्या गॅमा किरणांच्या स्फोटानं हवेतला ओझोनचा थर गेला असेल, असं मांडलंय शास्त्रज्ञांनीच.

जुना_मास्तर: मांडलंय. सिद्ध केलंय का? त्या काळात हिमयुग आलं होतं, त्याचा पुरावा खडकात आहे. जोतिबाच्या डोंगराचा काळा कातळ बघ, दख्खनच्या लाव्ह्याचा. डायनासोर गेले त्याचा संशय त्या लाव्ह्यावर नि मेक्सिकोतल्या उल्केवर. किरणांवर नाही.

शाहूपुरीची_काकी: कोट्यवधी वर्षांचं राहू दे. समोरच्या बिल्डिंगवर टॉवर बसला आणि आमच्या वळचणीच्या चिमण्या गेल्या. त्याचं बोला!

रंकाळाप्रेमी: काकी, टॉवरच्या लहरींत अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतका जोर नसतो. उलट आत्ता तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक म्युऑन, म्हणजे वैश्विक किरणांमुळं हवेत तयार झालेला कण, आरपार चाललाय, आणि त्याच्यात तो जोर असतो.

शाहूपुरीची_काकी: म्हणजे मी खोटं बोलते?

जुना_मास्तर: कौलं गेली, स्लॅब आले. चिमणी घरटं बांधणार कुठं?

शाहूपुरीची_काकी: आमची कौलं अजून आहेत वो! या की बघायला. वळचणीत नुसत्या काड्या उरल्यात. भाडं चेअरमन खातो, शास्त्र तुम्ही आम्हाला शिकवता.

भावा_थांब: काकींचं बरोबर आहे, तुम्ही सगळ्यालाच "पुरावा कुठाय" म्हणता.

रंकाळाप्रेमी: तूच आता टॉवर आणि तारा एका माळेत ओवलास! ओझोन गेला तर सूर्याच्या अतिनील किरणांनी जीव मरतील, हे मानतो. पण ती मारण्याची गोष्ट झाली. माणूस घडवण्याची कुठाय?

भावा_थांब: बरं बाबा, माणूस नाही घडवला. खूश? ऑर्डोव्हिशियनवर मी हटणार नाही.

शाहूपुरीची_काकी: आणि टॉवरचं?