युग्मताऱ्यांवर गॅमा दुर्बिणी वर्षानुवर्षं रोखून ठेवायच्या का?

शंकासुर (धागाकर्ता)
मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. एक अवजड तारा, त्याच्याभोवती घिरट्या घालणारा न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर, आणि दोघांच्या झटापटीतून निघणारे गॅमा किरण, अशा जोड्या आपल्याला माहीत आहेत त्या इनमीन दहाएक. नामिबियातली हेस, ला पाल्मावरची मॅजिक, अ‍ॅरिझोनातली व्हेरिटास या दुर्बिणींना काळोख्या आणि निरभ्र रात्रीच चालतात. वर्षाकाठी हजारेक तास हाती लागतात. ते त्याच त्या आलेखावर आणखी चार ठिपके द्यायला का खर्चायचे?

शर्मिष्ठेतला एलएस आय +६१ ३०३ घ्या. तिथला गॅमा स्रोत १९७०च्या दशकात कॉस-बी उपग्रहाने टिपला. तेव्हापासून वाद एकच, मोठ्या ताऱ्याचा जोडीदार कोण? शेवटी २०२० साली चीनच्या फास्ट या रेडिओ दुर्बिणीने काही तासांत २६९ मिलिसेकंदांचे ठोके पकडले. म्हणजे पल्सार, गरगर फिरत ठरावीक ठोके देणारा न्यूट्रॉन तारा. चाळीस वर्षं गॅमावाले काय करत होते?

रातकिडा
साफ असहमत. फास्टने त्या ताऱ्याकडे अनेकदा पाहिलं, ठोके एकदाच मिळाले. बाकीच्या वेळी सगळं चिडीचूप. पल्सार मोठ्या ताऱ्याच्या वाऱ्यात दडतो, त्यामुळे कक्षेत तो कुठे आहे यावर सगळं ठरतं. हा नशिबाचा भाग 'काही तासांत' म्हणताना गाळू नका.

आणि 'आणखी चार ठिपके' हे तर फारच झालं. याची कक्षा साडेसव्वीस दिवसांची, चंद्राचं चक्र साडेएकोणतीसचं. हेस, मॅजिक, व्हेरिटास या चेरेन्कॉव्ह दुर्बिणी, म्हणजे गॅमा किरणांमुळे हवेत उमटणारी अंधुक चमक टिपणाऱ्या. चांदण्यात त्या जवळपास आंधळ्या. म्हणजे या महिन्यात अमावास्येला कक्षेचा जो तुकडा दिसला, तो पुढच्या अमावास्येला फक्त तीन दिवसांनी सरकलेला असतो. पूर्ण कक्षा बघायला बऱ्याच अमावास्या हव्यात, आणि तारा रात्रीच्या आकाशात सोयीचा असतो वर्षातले थोडेच महिने. इथे एका हंगामात काम उरकणं भूमितीतच बसत नाही.

वजाबाकी
रातकिडा, चंद्राचा मुद्दा बिनतोड. पण त्यातून तुमच्या बाजूचं फार काही सिद्ध होत नाही.

या ताऱ्याला १६६७ दिवसांचं, म्हणजे साडेचार वर्षांचं मोठं चक्र आहे असं म्हणतात. ते आधी रेडिओत सापडलं, गॅमात नंतर. फर्मी ही अवकाशातली गॅमा दुर्बीण २००८ पासून बघतेय, तिच्या वाट्याला अशी जेमतेम चार चक्रं. कारणांबद्दल एक गट म्हणतो, मोठ्या ताऱ्याभोवतीची वायूची चकती फुगते नि ओसरते. दुसरा म्हणतो, २६.४९ आणि २६.९२ दिवसांचे दोन ताल एकमेकांत मिसळून हे लांब चक्र भासतं. दोन्ही गट आपापल्या जागी ठाम. नुसतं बघत राहून हा निकाल लागेल असं मला वाटत नाही. चकतीचंच कारण असेल तर चक्र घड्याळासारखं काटेकोर असायचं कारण नाही, मग चार काय आणि सहा काय?

कृत्तिका
मी रातकिड्याच्या बाजूची. पीएसआर बी१२५९-६३ या जोडीचं नाव कसं कुणी काढलं नाही? इथे पल्सार आहे यात शंका नाही, ४८ मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी. कक्षा १२३७ दिवसांची, म्हणून दोघे जवळ येतात ते सव्वातीन-साडेतीन वर्षांतून एकदा. डिसेंबर २०१० मध्ये जवळ आले तेव्हा फर्मीला फारसं काही दिसलं नाही. महिन्याभराने मात्र भडका उडाला. २०१४ मध्ये पुन्हा तसंच, महिन्यानेच. झालं, सगळे 'तीस दिवस' धरून मॉडेलं बांधायला बसले. २०१७ मध्ये भडका आणखी उशिरा आला, तोही मिनिटामिनिटांच्या झटक्यांनी. काही झटके इतके प्रखर, की ते सगळ्या दिशांना सारखेच पसरले असं धरलं तर पल्सारचा वेग मंदावताना जितकी ऊर्जा सुटते तिच्यापेक्षा हिशोब कितीतरी पट जास्त येतो. २०२१ मध्ये त्याहून उशीर. २०१४ ला गाशा गुंडाळला असता तर 'तीस दिवस' आज पाठ्यपुस्तकात असतं.

शंकासुर
कृत्तिका, उदाहरण झकास, पण ते फर्मीचं! फर्मी दर तीन तासांत सगळं आकाश पालथं घालते, तिला कुणाकडे रोखावं लागत नाही. तिच्याशी माझं भांडणच नाही. (तिचीही नोंद एकसारखी नाही म्हणा. मार्च २०१८ मध्ये एक सौरपट्टी फिरायची थांबली, तेव्हापासून आकाश झाडायची पद्धत बदलावी लागली.) माझा आक्षेप जमिनीवरच्या दुर्बिणींच्या तासांवर आहे.

रातकिडा
मग एलएस ५०३९ ही जोडी बघा. कक्षा ३.९ दिवस. पल्सार की कृष्णविवर, अजून नक्की नाही. तो जोडीदार ताऱ्यामागे गेला की फर्मीच्या पट्ट्यातले, म्हणजे कमी ऊर्जेचे गॅमा किरण वाढतात, हेसच्या पट्ट्यातले, म्हणजे प्रचंड ऊर्जेचे, कमी होतात. पुढे आला की उलट. कारण प्रचंड ऊर्जेचे किरण ताऱ्याच्या प्रकाशावर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या होतात आणि वाटेतच खपतात; कमी ऊर्जेच्या किरणांना ती अडचण नाही. उलट इलेक्ट्रॉन ताऱ्याच्या प्रकाशावर समोरून आदळतात तेव्हा हे कमी ऊर्जेचे किरण जास्त तयार होतात. एकट्या फर्मीवर अर्धीच गोष्ट कळली असती.

शंकासुर
हेसने ते २००६ मध्ये दाखवलं, फर्मीने २००९ मध्ये. गोष्ट तेव्हाच संपली. त्यानंतर तोच आलेख, फक्त रेषा बारीक.

रातकिडा
तोच आलेख राहिला हीच तर बातमी. तिकडे एलएस आय दर काही वर्षांनी रंग बदलतो, हा बदलत नाही. याच्या ताऱ्याभोवती तशी चकतीही नाही. म्हणजे चकतीवाल्यांना पुरावा मिळतो तो या 'कंटाळवाण्या' नोंदींतूनच. वजाबाकी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

वजाबाकी
अर्धं म्हणालात ते बरं केलंत. दोन ताऱ्यांच्या तुलनेवर मी सही करणार नाही.

त्यापेक्षा हे करू. बी१२५९ चे तारे याआधी जून २०२४ अखेरीस जवळ आले होते. त्यात १२३७ दिवस मिळवा, नोव्हेंबर २०२७ येतो. ज्याला तासांची वाटणी हवी त्याने अर्जातच लिहावं, भडका कितव्या दिवशी येणार आणि आपलं मॉडेल कशाने खोटं ठरेल. आकडा नसेल तर तास नाहीत.

कृत्तिका
आणि २०१० ला अशी अट असती तर तेव्हा कुणी 'महिन्याभराने भडका' लिहिलं असतं का?