प्रति: रुग्णालयाच्या प्रमुखपदी डॉक्टरच हवा का?

रुग्णालयाच्या प्रमुखपदी डॉक्टरच असावा, हे मत मला पटत नाही. डॉ. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईत अवघ्या ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या कारभाराची घडी बसवण्यात, डॉक्टर नसलेल्या, आयआयएम कलकत्त्यात व्यवस्थापन शिकलेल्या तुलसीराज यांचा मोठा वाटा आहे. तिथे एका टेबलावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चालू असतानाच शेजारच्या टेबलावर पुढच्या रुग्णाची तयारी झालेली असते, त्यामुळे शल्यचिकित्सकाचा वेळ वाया जात नाही. म्हणूनच निवड समितीने उमेदवाराच्या पदव्या मोजत बसण्यापेक्षा त्याला सकाळी तासभर बाह्यरुग्ण विभागात उभे करावे आणि केसपेपरच्या खिडकीपाशी रांग नेमकी कशामुळे तुंबते, हे विचारावे.