मावा-प्रतिकारक गहू टिकत का नाही?

ओंबी: नवीन जात काढायला दहाएक वर्षं सहज जातात, आणि मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) काही वर्षांत तिच्यावर परत बसतो, मग एवढी मेहनत करायची कशाला असं खरंच वाटतं. कुणी नीट सांगेल का?

बीजांकुर: रशियन गहू माव्याचं उदाहरण बघ. हा १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासला सापडला, मग १९९४ ला कोलोरॅडोत ‘हॉल्ट’ ही प्रतिकारक जात आली, तिच्यात माव्याला रोखणारा डीएन४ जीन होता, आणि २००३ मध्ये तिथेच असा बायोटाइप (त्याच माव्याचा वेगळा प्रकार) सापडला ज्याला डीएन४ची काही फिकीरच नव्हती. एकाच जीनवर भिस्त ठेवली की हे होणारच. त्यात माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते, त्यामुळे एखादी मादी तगली की तिचीच प्रजा शेतभर.

ओंबी: मग दुसरा जीन घालायचा ना?

बीजांकुर: घालतात की. राय धान्यातून आलेला डीएन७ त्या नव्या बायोटाइपवर चालतो, पण रायचा तो तुकडा गव्हात आला की ब्रेडसाठी पिठाची प्रत घसरते.

हिरवंरान: मला वाटतं खरा भर सहनशीलतेवर हवा. मावा बसला तरी झाड उत्पन्न देतं, मावा मरत नाही म्हणून त्याला बदलायची घाईही कमी. सोबत दोन-तीन जीन एकत्र घाला आणि ढालकिडे मारणारी फवारणी उगाच करू नका, ते फुकटात मावा खातात!