१९५३ची शेवरोले, गरम झाली की सेल्फ रडतो

प्रश्न: गाडी ६ व्होल्टची. सकाळी एका सेल्फमध्ये उठते. कात्रज घाट चढून बंद केली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) रडतखडत फिरतो. बॅटरी नवी आहे. १२ व्होल्ट करून टाकू का?

उत्तर १: घाई नको, आधी केबल बघा. ६ व्होल्टला त्याच कामाला दुप्पट करंट लागतो. आजच्या गाड्यांची बारीक केबल तिथं चालत नाही. ५० ते ७० चौरस मिमीची तांब्याची घ्या, वेल्डिंगची चालते.

उत्तर २: त्याआधी मीटर लावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची वायर काढून सेल्फ मारा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक ते इंजिन ब्लॉक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हचा इंजिनशी जोड, खराब. ते ठीक असेल तर सेल्फचे बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणाऱ्या धातूच्या नळ्या, बघा. झिजले की आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) घासतं.

प्रश्नकर्ता: ०.७ आलं! अर्थिंगच्या बोल्टखाली रंगाचा जाड थर आहे.

उत्तर २: मग खरवडा, पत्रा चकचकीत होईपर्यंत.